उष्णता जाते कुठे? संगणकाच्या पेटीतल्या वाऱ्याचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं गेमिंग कॉम्प्युटरमधल्या पंख्यांवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण मला या विषयात एक जुना प्रश्न दिसतो आणि तो शब्दापासूनच सुरू होतो. आपण सर्रास ‘कूलिंग’ म्हणतो, बाजारात ‘कूलर’ मागतो. प्रत्यक्षात त्या पेटीतला पंखा उष्णता नाहीशी करत नाही. एका जागची उचलून दुसऱ्या जागी नेतो. हमालाचं काम. तेव्हा हा इतिहास खरं तर उष्णता कुठून उचलायची, कोणत्या वाटेनं न्यायची आणि कोणाच्या दारात नेऊन टाकायची, याचा आहे.

आधी हिशेब बघू. चांगल्यापैकी गेमिंग पीसी खेळ चालू असताना ५०० वॉट वीज सहज खातो. ही वीज जाते कुठे? पडद्यावर राक्षस मरतात, गाड्या धावतात, पण त्यासाठी वेगळं काही खर्ची पडत नाही. ५०० वॉट आत गेले की जवळजवळ ५०० वॉट उष्णता बाहेर. घरची हजार वॉटची इस्त्री निम्म्या ताकदीनं तासन् तास चालू ठेवावी, तसं. आणि ही उष्णता हवेनं न्यायची, पण हवा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नाही असं ठरवलं, तर सेकंदाला सुमारे ४० लीटर हवा त्या पेटीतून जायला हवी. दर सेकंदाला दोन मोठ्या बादल्या! हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला इथे ‘तर्कसंग्रह’ आठवतो. अन्नंभट्ट स्पर्शाचे तीन प्रकार सांगतात: शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. पाण्याचा शीत, तेजाचा उष्ण, आणि पृथ्वी व वायूचा अनुष्णाशीत, म्हणजे धड गरम नाही, धड थंडही नाही. भौतिकशास्त्र म्हणून हे आज कोणी शिकवणार नाही. पण पेटीतला वारा समजून घ्यायला ही कल्पना फार कामाची आहे. वारा स्वतः थंड नसतो. वाटेत जे भेटेल त्याचा गुण घेऊन तो पुढे जातो. त्यामुळे तो आधी कोणाला भेटतो आणि नंतर कोणाला, यावर सगळं अवलंबून.

सुरुवात एनिॲकपासून करतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेलं हे यंत्र १९४६च्या फेब्रुवारीत जगापुढे आलं. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, वजन तीस टनांच्या घरात आणि वीज सुमारे १५० किलोवॉट. त्याच्या कपाटांतून हवा खेळवण्यासाठी मोठे ब्लोअर बसवले होते. म्हणजे पंखा नंतर आला असं नाही बरं का, तो पहिल्या दिवसापासून आहे. यंत्र मोठं, खोली मोठी आणि ती खोली सांभाळायला माणसं. उष्णता इमारतीच्या गळ्यात टाकली की काम झालं.

पुढे मोठ्या यंत्रांनी हवेची साथ सोडली. १९७६चा क्रे-१ घ्या. ११५ किलोवॉट वीज, आणि ती उष्णता न्यायला फ्रिजमध्ये असायचा तसा फ्रिऑन. यंत्राचा आकार इंग्रजी ‘C’ अक्षरासारखा, आणि तळाशी गादी लावलेला गोल बाक. खरंच बसता येईल असा बाक! त्याच्याखाली वीजपुरवठ्याची उपकरणं दडवलेली होती. १९८५च्या क्रे-२मध्ये तर सगळी सर्किटं फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवली होती. ही श्रीमंतांची गोष्ट आहे, तिथे जास्त रेंगाळत नाही.

आपली गोष्ट सुरू होते संगणक घरात आला तेव्हा. घरात ब्लोअर कसा चालेल? स्टीव्ह जॉब्झना तर पंख्याचा आवाजच नको होता. १९७७चा ॲपल टू पंख्याविना चालला, कारण रॉड होल्ट यांनी त्याच्यासाठी कमी तापणारा स्विचिंग पॉवर सप्लाय बनवला होता. १९८०च्या ॲपल थ्रीलाही पंखा दिला नाही. ॲल्युमिनियमचं जाड कवचच उष्णता बाहेर टाकेल असा अंदाज. तो मुळीच फळला नाही. चिपा सॉकेटमधून सैल होऊ लागल्या, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, असा सल्ला ग्राहकांना मिळाला. त्यामागे उष्णताच होती की आणखी काही, यावर नंतर वाद झाले. सल्ला मात्र खरा. १९८४च्या मॅकिंटॉशलाही पंखा नव्हता. त्याच्या माथ्यावर फटी होत्या, गरम हवा आपोआप वर जायची. जुन्या वाड्यात चौकातून आणि स्वयंपाकघराच्या धुराड्यातून हेच होतं. तत्त्व उत्तम आहे, पण नुसत्या चढत्या हवेनं काही दहा वॉट निघतात. ५०० वॉट निघत नाहीत.

१९८१चा आयबीएम पीसी वेगळ्या वाटेनं गेला. त्यात पंखा होता, पण तो पॉवर सप्लायमध्ये. म्हणजे आपल्याकडे दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात, त्यात. (आणि आपण अख्ख्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतो, तेही चालू द्या.) त्याच्या ८०८८ प्रोसेसरवर साधा हीटसिंकही नव्हता, गरजच नव्हती. नव्वदच्या दशकात ४८६च्या वेगवान आवृत्त्यांवर हीटसिंक दिसू लागले आणि १९९३च्या पेंटियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर छोटा पंखा ही रीतच पडली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून मशीन जोडून घेणाऱ्यांच्या यादीत तेव्हापासून या पंख्याची एक ओळ वाढली.

इथे थोडं थांबू, कारण मला सगळ्यात बोलका वाटणारा प्रसंग १९९५चा आहे. इंटेलनं एटीएक्स नावाची रचना मांडली. मदरबोर्ड कसा असावा, पॉवर सप्लाय कुठे बसावा, याचे नियम. आजही बहुतेक गेमिंग पीसी त्याच घराण्यातले आहेत. मूळच्या एटीएक्समध्ये पॉवर सप्लायचा पंखा बाहेरची हवा आत ओढणारा होता. ती हवा सरळ प्रोसेसरवर सोडायची, म्हणजे वेगळा पंखा वाचेल. कागदावर फार सुंदर. पण हवा आधी पॉवर सप्लायमधून येते, म्हणजे तापूनच येते! वायू अनुष्णाशीत खरा, पण तो आधीच तेजाला भेटून आलाय, त्याला कोण काय करणार? पुढच्या आवृत्त्यांत पंख्याची दिशा उलटवली आणि तो हवा बाहेर फेकू लागला. पंखा तोच, वीज तीच, फक्त क्रम बदलला.

आता खेळणारी पोरं मैदानात येतात. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३००ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर चालतो, हे लोकांना कळलं. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता. मग कोणी गाडीच्या हीटरचा रेडिएटर काढून आणला, कोणी माशांच्या टाकीतला पंप लावला, कोणी पेटीला करवतीनं भोक पाडून पंखा बसवला. आज दुकानात तयार मिळणाऱ्या वॉटर कूलिंगचे हे पूर्वज. पण पाण्यानंही उष्णता संपत नाही. ते तिला प्रोसेसरपासून रेडिएटरपर्यंत नेतं; पुढे पुन्हा पंखा आणि हवाच.

२००१ साली ‘टॉम्स हार्डवेअर’नं एक चित्रफीत दाखवली. खेळ चालू असतानाच प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून टाकायचा. एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला. पेंटियम ४ मेला नाही. त्यानं स्वतःचा वेग कमी केला, खेळ रखडत चालू राहिला आणि हीटसिंक परत ठेवल्यावर पूर्ववत झाला. लोक ॲथलॉनच्या धुराकडे बघत राहिले. मला मात्र दुसरी घटना जास्त महत्त्वाची वाटते, कारण आज सगळे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डं तसंच वागतात. शंभर अंशांच्या जवळपासची मर्यादा आली की आपणहून मंद होतात. म्हणजे बिघाड दिसेनासा झाला. मुलगा म्हणतो, गेम अडकतोय, नवं कार्ड हवं. बाप कर्ज काढून कार्ड आणतो. आणि दोष असतो पुढच्या जाळीवर साचलेल्या धुळीचा! यंत्र तक्रार करत नाही, निमूटपणे कमी काम करतं. माणसांतही असे असतात, पण तो विषय वेगळा.

त्याच २००१मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी जाहीर सांगितलं होतं, की चिपांमधली उष्णतेची दाटी अशीच वाढली तर अणुभट्टीशी तुलना करावी लागेल. २००४च्या फेब्रुवारीत ‘प्रेस्कॉट’ नावाचा पेंटियम ४ आला. ट्रान्झिस्टर लहान झाले, तरी उष्णता कमी झाली नाही. काही आवृत्त्या ११५ वॉटपर्यंत गेल्या. मे महिन्यात इंटेलनं त्याचा पुढचा वारस रद्द केला आणि एका चिपवर दोन मेंदूंची वाट धरली. गणिताच्या वेगाची शर्यत उष्णतेनं थांबवली, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

याच सुमारास इंटेलनं बीटीएक्स नावाची नवी पेटी सुचवली. प्रोसेसर अगदी पुढे, म्हणजे ताजी हवा पहिल्यांदा त्याला. विचार बिनचूक होता, तरी २००६मध्ये तो सोडून दिला गेला. नवे कोअर २ प्रोसेसर कमी तापत होते, आणि सगळ्यांकडे जुन्या मापाच्या पेट्या होत्या. मग रीत कोणाची टिकली? करवतवाल्या हौशी मंडळींची. पुढून आणि खालून आत, मागून आणि वरून बाहेर. ८० मिलिमीटरच्या पंख्यांच्या जागी १२०चे आणि १४०चे आले, कारण मोठं पातं सावकाश फिरूनही तेवढीच हवा हलवतं, आवाज कमी करतं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवली, तर फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. ती जाळीतच अडते आणि जाळी धुता येते.

दरम्यान तापाचं केंद्र सरकलं. २००३च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डाचा पंखा इतका घोंघावायचा, की खुद्द एनव्हिडियानं स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. आज ते कार्ड गरीब वाटेल. २०२२च्या आरटीएक्स ४०९०ची मर्यादा ४५० वॉट, २०२५च्या ५०९०ची ५७५ वॉट. आणि अशा कार्डांचे पंखे बरीचशी गरम हवा पेटीतच सोडतात. तिला बाहेर काढणं हे पेटीचं काम.

आणि नेमकं याच काळात पेट्यांच्या तोंडावर काचा आल्या. आतले रंगीत दिवे दिसावेत म्हणून! सेकंदाच्या त्या दोन बादल्या काचेच्या कडेच्या बोटभर फटीतून कशा येणार? काही वर्षांतच लोक पुन्हा जाळीच्या पेट्यांकडे वळले.

आता प्रश्न उरतो पेटीबाहेरचा. एनिॲकची उष्णता इमारतीनं घेतली, क्रेची फ्रिऑननं. गेमिंग पीसीची उष्णता कोण घेतं? तुमची खोली, आणि खोलीत बसलेले तुम्ही. हवेनं किंवा पाण्यानं थंड होणारं यंत्र खोलीच्या तापमानाच्या खाली कधीच जाऊ शकत नाही. खोलीत २२ अंश असताना ७० दाखवणारा प्रोसेसर, खोली ४० झाली की ८८च्या आसपास जाणार, कारण त्याची बढत खोलीवरून मोजायची असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे ही कल्पनेतली गोष्ट नाही. तिथे चौथा पंखा विकत घेण्याआधी खोलीची गरम हवा बाहेर कशी जाईल ते बघावं लागतं. आणि पाण्याचा डेझर्ट कूलर लावणार असाल, तर त्याच्या झोतात पेटी ठेवू नका. दमट हवा धुळीचा लेप करते.

पेटी स्टडी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबली असेल तर सगळा इतिहास फुकट. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात फिरून पुढून परत आत जाते, आणि १९९५च्या एटीएक्सनं केलं तेच आपण सुताराकडून करून घेतो. मागच्या बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा, कप्प्याचं पाठीमागचं फळकूट काढा. पंख्याची दिशा तपासायला उदबत्ती पुरते: धूर जाळीकडे ओढला जातो की दूर ढकलला जातो, एवढंच बघायचं. फक्त राख आत पडू देऊ नका.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.