कोपऱ्यातला सर्व्हर

"मामा, तुझ्या वेळी ऑनलाइन गेम होते का रे?" परवा भाच्याने विचारलं आणि मी जरा दुखावलोच. तुझ्या वेळी म्हणजे काय? मी काय पानशेतच्या पुरात वाहून आलोय? पण उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अडकलो. गेम होते. माणसं एकमेकांना मारायची, शिव्या द्यायची, वाद घालायची, सगळं होतं. फक्त ऑनलाइन नव्हतं. हे पोराला नीट सांगायचं तर एक लेखच लिहावा लागेल म्हटलं. तर हा घ्या. शनिवार आहे, हापिसची कटकट नाही.

सुरुवात अर्थातच 'डूम'पासून. १० डिसेंबर १९९३ ला इड सॉफ्टवेअरने हा गेम सोडला तो शेअरवेअर म्हणून. पहिला भाग फुकट, वाटेल त्याला द्या, पुढचं हवं असेल तर पैसे. त्यामुळे तपकीर गल्लीत किंवा वर्गमित्राकडून फ्लॉपीवर घेतलेला तो पहिला भाग ही त्या काळात आम्ही कायदेशीरपणे कॉपी केलेली बहुधा एकमेव गोष्ट असावी :) मंगळाच्या फोबॉस या चंद्रावर एक सैनिक, आणि भुतंखेतं चालून येतायत. कथा एवढीच. पण 'सायन्स फिक्शन' म्हटल्यावर आमच्यातले काही लोक गप्प बसणार थोडेच? हे पुणं आहे. इथे नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेली पोरं होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती (आद्याक्षरं उलटी वाचा), ही गोष्ट आमच्या टोळीत गेमच्या चीटकोडइतक्याच आदराने सांगितली जायची.

तर अशा पोरांपैकी एकाने चहाच्या टपरीवर हिशोब मांडला. फोबॉसचं गुरुत्वाकर्षण इतकं नगण्य, की तिथून कायमचं सुटायला सेकंदाला साधारण ११ मीटर वेग पुरतो. म्हणजे तासाला चाळीसेक किलोमीटर. म्हणजे पुण्याच्या कायनेटिकची लुना. "अरे, तो डूमवाला ज्या वेगाने पळतो, त्या वेगाने तो पहिल्या दरवाज्यातच अंतराळात गेला पाहिजे!" यावर अर्धा तास वाद. निष्कर्ष काही नाही. कटिंगचे पैसे मात्र माझ्या खात्यावर.

हे सगळं एकट्याने खेळायचं. दोघातिघांनी खेळायचं तर दोन यंत्रं आणि मधे केबल पाहिजे. डूममध्ये चारजणांची सोय होती, ती आयपीएक्स नेटवर्कवर. पहिल्या आवृत्तीत तो आपली पाकिटं नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना पाठवायचा, त्यामुळे अमेरिकेत विद्यापीठांची आणि कंपन्यांची नेटवर्कं बसली आणि बंदी आली. ते नंतरच्या आवृत्तीत सुधारलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जाड काळी कोअ‍ॅक्सियल केबल होती, टी-कनेक्टर आणि दोन्ही टोकांना टर्मिनेटर. एकाने जरी पायाने कनेक्टर हलवला तरी अख्खी लॅब बंद. त्यामुळे मल्टिप्लेअर गेममधला पहिला नियम आम्ही शिकलो तो म्हणजे पाय आखडून बसणे.

आता मुद्द्याचं. जगात लोक इंटरनेटवरून खेळत होतेच की. 'क्वेक' जून १९९६ मध्ये आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'क्वेकवर्ल्ड'. त्यात एक भारी युक्ती होती: तुम्ही पुढे जायचं बटण दाबलं की सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता तुमच्याच यंत्राने अंदाजाने तुम्हाला पुढे न्यायचं, चुकलं तर नंतर दुरुस्त करायचं. आजचा प्रत्येक नेमबाजीचा गेम याच कल्पनेच्या पोटी जन्मलाय. मोडेमवाल्यांना जीवदान मिळालं ते तिथे, तेही सर्व्हर त्यांच्याच देशात म्हणून. आमचा सर्व्हर सातासमुद्रापार.

हिशोबच करू या, इंजिनियर आहोत. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून अमेरिकेत साधारण तेरा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन सव्वीस हजार. म्हणजे निव्वळ निसर्गनियमाने १३० मिलिसेकंद गेले. त्यावर मोडेमचे दीडदोनशे. झाले तीनशे. 'क्वेक ३' मध्ये खेळाडू सेकंदाला ३२० एकक पळतो आणि त्याची रुंदी ३० एकक. तीनशे मिलिसेकंदात तो ९६ एकक सरकतो. म्हणजे तुम्ही रेलगन नेमकी त्याच्या छातीवर रोखलीत, तर गोळी जिथे लागेल तिथून गडी तीन माणसं पलीकडे गेलेला असतो. आणि फोनचं बिल वडील भरतात.

बरं, शेजाऱ्याशी खेळावं म्हटलं, तरी सुटका नव्हती. सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यात दोन भाडेकरूंनी दोन वेगळ्या कंपन्यांचं कनेक्शन घेतलं असेल, तर या खोलीतलं पाकीट त्या खोलीत जायला कित्येकदा परदेशवारी करून यायचं. देशातला डेटा देशातच फिरावा म्हणून 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली ती २००३ मध्ये. तोपर्यंत आपल्याकडे ऑनलाइन खेळायचं म्हणजे एका खोलीत येऊन बसायचं. म्हणून गेमिंग कॅफे.

मी जायचो तो कॅफे कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, तळघरात होता. दहा यंत्रं, तासाला वीस रुपये, रात्री 'पॅकेज'. मालकाने भिंतीवर अस्सल पुणेरी पाटी लावली होती: 'आरडाओरडा केल्यास तास संपला असे समजण्यात येईल.' तिच्याखाली बसून आम्ही जो काही आरडाओरडा केलाय! आणि कोपऱ्यात, मालकाच्या खुर्चीमागे, अकरावं यंत्र. मॉनिटर नसलेलं. सर्व्हर. वर उदबत्तीचं घर ठेवलेलं असायचं.

तिथे कुठला गेम चालणार हे कोणी ठरवलं, माहितीये? ग्राफिक्स कार्डाने. १९९९ च्या शेवटी 'अनरियल टूर्नामेंट' आणि 'क्वेक ३ अरिना' काही दिवसांच्या अंतराने आले. क्वेकवाल्यांचा हट्ट की थ्री-डी कार्ड पाहिजेच. अनरियल मात्र नुसत्या प्रोसेसरवरही रखडत का होईना चालायचा. दहा यंत्रांत दहा कार्डं टाकायची ऐपत मालकाची नव्हती, दोनच होती. त्यामुळे आमच्यात दोन जाती पडल्या: कार्डवाल्या यंत्रांवर बसणारे क्वेकवाले, जरा नाकं वर करून, आणि बाकी आम्ही. 'चिप' आणि नंतर 'डिजिट' मासिकाच्या सीडीवर डेमो यायचे, त्यावर महिनेच्या महिने काढलेत लोकांनी. क्वेक ३ च्या डेमोत चारच नकाशे. त्यातला एक अवकाशात तरंगणाऱ्या चौथऱ्यांचा. कडेवरून पाय घसरला की तुम्ही खाली पडून मेलात. "अवकाशात खाली म्हणजे कुठे रे?" हा प्रश्न दर आठवड्याला नवा भिडू विचारायचा आणि दर आठवड्याला तेच भांडण व्हायचं.

नावंही झकास. कुणी पेशवा, कुणी जनरल डायर, एकजण सरळ 'साबुदाणा'. माझे त्या काळातले निम्मे मित्र मला अजून खऱ्या नावाने माहीत नाहीत. आणि भाषा! फ्रॅग, गिब, कॅम्पर हे शब्द आलेच, पण एका जागी दबा धरून बसणाऱ्याला आम्ही 'पागडीचा भाडेकरू' म्हणायचो. उठतच नाही म्हणून.

मग काउंटर-स्ट्राइक आला आणि आमच्या विज्ञानकथेचं वाटोळं झालं. गंमत म्हणजे तो निघाला 'हाफ-लाइफ'च्या पोटातून. १९९८ च्या हाफ-लाइफचा नायक सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला पीएचडी, हातात कटावणी. आयुका आणि खोडदच्या दुर्बिणी असलेल्या जिल्ह्याला याहून जवळचा नायक कुठला? पण दोन पोरांनी त्यावर हौसेने एक मॉड बांधला: अतिरेकी विरुद्ध पोलीस, एकदा मेलात की डाव संपेपर्यंत बघत बसा. झालं. मेलेला माणूस गप्प थोडाच बसतो? तो उठून दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहतो आणि सल्ले देतो. क्रिकेट बघणाऱ्या देशाला हे इतकं पटलं की वर्षभरात दहाही यंत्रांवर तेच. कार्डही लागत नव्हतं. मी तेव्हा फार चिडचिड केली. आज वाटतं, गप्पांना सर्वांत जास्त जागा त्याच गेममध्ये होती.

'हेलो' आमच्याकडे उशिराच पोचला. एक्सबॉक्सवर नोव्हेंबर २००१ मध्ये आलेला गेम पीसीवर २००३ ला आला आणि त्याची ट्रायल आवृत्ती हातोहात फिरली: एक मोहीम आणि 'ब्लड गल्च' ही एक दरी. त्या एका दरीत आम्ही दोन पावसाळे काढले. आणि फोबॉसवाला आमचा मित्र पुन्हा जागा झाला. गेममधलं ते कडं दहा हजार किलोमीटर व्यासाचं. आतल्या बाजूला पृथ्वीइतकं वजन वाटायचं तर त्याने किती वेगाने फिरायला हवं? बिलाच्या मागे त्याने आकडे मांडले: सेकंदाला सात किलोमीटर, सव्वा तासात एक फेरी. मुंबई-पुणे वीस-एकवीस सेकंदांत! तो कागद कितीतरी दिवस कॅफेच्या भिंतीवर पाटीशेजारी डकवलेला होता. आमच्या सगळ्या इतिहासातला लिखित पुरावा म्हणाल तर तेवढाच. बाकी स्कोअर, भांडणं, रात्री दोनला जिंकलेला सामना, सगळं मालकाने यंत्र बंद केलं की पुसलं जायचं.

२००५ च्या सुरुवातीला बीएसएनएलचं 'डेटावन' आलं. रात्री दोन ते सकाळी आठ फुकट डाउनलोड, त्यामुळे अर्धं पुणं पावणेदोनचा गजर लावून झोपायला लागलं. घरोघरी केबल पोचली तशी तळघरात यायची गरज संपली. कॅफे एक दिवस बंद होता, मग बंदच राहिला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

भाचा म्हणाला, "पण आता बरं आहे ना, घरबसल्या शंभर जण." आहेच. मी काही 'आमच्या वेळी' टाइप म्हातारा नाही (निदान जाहीरपणे). ऑक्टोबर २०२४ मध्ये तर आपल्या पुण्यातल्याच सुपरगेमिंग कंपनीने 'इंडस' हा बॅटल रॉयाल आणला. वीरलोक नावाचं बेट, कॉस्मियम नावाचं मूल्यवान द्रव्य, भारतीय धाटणीचं भविष्य. ज्या गावात आम्ही परक्यांच्या कड्यांचे वेग मोजत बसलो, तिथे आता लोक स्वतःचं जग बनवतात. छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

तरीही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि ऑक्टोबरच्या शेवटी सर्व्हर बंद झाले. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण त्या रात्री भाच्याच्या टोळीची भेटायची जागाच गेली. लॉकडाऊनमध्ये ती एकच जागा होती त्यांना. फोनमध्ये गेम होता, बोटं होती, मित्र होते, पण सर्व्हर दुसऱ्याच्या घरी होता. पोरगा दोन दिवस नीट जेवला नव्हता, बहिणीने मला फोन केला होता. मी हसलो होतो तेव्हा. चुकलंच माझं.

आमच्या गेमांना हे कसं चुकलं? सर्व्हर खोक्यातच यायचा म्हणून. जी सीडी खेळायला, तीच सर्व्हर चालवायला. वर इडने डूमचा सोर्स डिसेंबर १९९७ मध्ये आणि क्वेक ३ चा ऑगस्ट २००५ मध्ये खुला केला. मे २०१४ मध्ये 'गेमस्पाय' बंद पडली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी गेमांची सर्व्हर-यादी गेली, त्यात पीसीवरचा हेलोही होता. पण चाहते आणि बंगीतला एक इंजिनियर यांनी मिळून पॅच काढला आणि ब्लड गल्च तगली. एपिकने जानेवारी २०२३ मध्ये जुन्या अनरियलची ऑनलाइन सेवा थांबवली, गेम दुकानातूनही काढला. तरी लॅनवर तो चालतच राहिला, आणि २०२४ मध्ये एपिकने चाहत्यांच्या 'ओल्ड-अनरियल' गटाला तो इंटरनेट आर्काइव्हवरून लोकांना देऊ दिला. राजरोस, फुकट.

म्हणून गेल्या रविवारी उतरवला. घरात तीन लॅपटॉप, एक माझा हापिसचा (हे साहेबांना सांगू नका). फोबॉसवाला मित्र हल्ली बाणेरला राहतो, केस गेलेत, त्याला बोलावला. जुना डेस्कटॉप माळ्यावरून काढला, पुसला, मॉनिटर न लावता हॉलच्या कोपऱ्यात ठेवला. बायकोने त्यावर उदबत्तीचं घर ठेवलं नाही, पण इस्त्रीचे कपडे ठेवले, म्हणजे तेच. 'फेसिंग वर्ल्ड्स' लावला: अशनीवर समोरासमोर दोन मनोरे, मागे पृथ्वी.

पहिल्या दहा मिनिटांत भाच्याने आम्हा दोघांना मिळून अठरा वेळा मारलं. मग तो मनोऱ्याच्या कडेवर येऊन थांबला आणि खाली बघायला लागला.

"मामा, इथून उडी मारली तर मी कुठे पडणार?"

मित्राने लॅपटॉप बाजूला सरकवला आणि कागद मागितला.