न्यायासनावर कोण बसते?

कायद्याचे पुस्तक सर्वांना सारखेच, असे आपण म्हणतो. पण ते वाचणारे डोळे? आज त्याविषयी थोडे बोलू या.

गोष्ट आपल्याच मुलखातली. २६ मार्च १९७२ची रात्र. गाव देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातले, आज गडचिरोलीतले. मोलमजुरी करणाऱ्या एका पोरक्या आदिवासी मुलीला जबाबासाठी पोलिस ठाण्यात आणले होते. जबाब झाला, बरोबरच्या माणसांना बाहेर जायला सांगितले, तिला मात्र थांबवून घेतले. ठाण्याच्या आवारातच तिच्यावर अत्याचार झाला. तिचे नाव मी घेणार नाही. अशा स्त्रीचे नाव जाहीर न करण्याचा कायदा पुढे झाला, तोही याच खटल्यानंतर.

आता गंमत पाहा, गंमत कसली, दुर्दैवच! पुरावा तोच, दंडसंहिता तीच. १९७४ साली सत्र न्यायाधीशांनी दोघाही पोलिसांना सोडले. मुलीची संमती होती म्हणाले. १९७६त उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. वर्दीपुढे भेदरून मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, असा त्यांनी अर्थ लावला आणि एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८त सर्वोच्च न्यायालयाच्या तिघा न्यायमूर्तींनी पुन्हा दोघांना मोकळे केले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आणि ती ओरडली हे पटत नाही!

आमच्याच पेशातल्या चौघांना हे सहन झाले नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे कायद्याचे अध्यापक. १९७९च्या सप्टेंबरात त्यांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३त कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यातली स्त्री 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे.

पण पुस्तक बदलले, तरी वाचणारा कोण हा प्रश्न उरतोच. १९५०पासून १९८९त फातिमा बीवी येईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही स्त्री न्यायमूर्ती नव्हती. १९९७त कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध विशाखा निकाल लागला, तेव्हा तीन न्यायमूर्तींत सुजाता मनोहर होत्या.

म्हणून स्त्री नेमली की झाले, असे मात्र समजू नका. २०२१च्या जानेवारीत त्याच नागपूर खंडपीठात एका महिला न्यायमूर्तींनी बारा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात निकाल दिला, की कपड्यांवरून केलेला तसा स्पर्श बालसंरक्षण कायद्यातला लैंगिक हल्ला ठरत नाही. उच्च न्यायालयांत कोणाला नेमावे, कोणाला कायम करावे, याची शिफारस १९९३पासून सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ करते. त्याला कॉलेजियम म्हणतात. या बाईंना कायम करण्याची शिफारस झालेली होती. ती मंडळाने मागे घेतली. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि २०२२त बाईंनी राजीनामा दिला.

देसाईगंजच्या त्या दोघा पोलिसांची सुटका मात्र तशीच राहिली. १९८३चा कायदा त्या मुलीच्या उपयोगी पडला नाही.