दक्षिण मुंबईचा कौल

वसईहून वा बोरिवलीहून सकाळची लोकल पकडून चर्चगेटला उतरणाऱ्या आपल्यापैकी हजारोंचा दिवस दक्षिण मुंबईत जातो. रात्र मात्र तेथे जात नाही. पोटापाण्याचा उद्योग तेथे आणि मतदारयादीतील नाव आपल्या गावी, अशी ही विभागणी आहे. म्हणूनच कदाचित, ज्या भूभागात आपल्या दोन-तीन पिढ्यांनी नोकरी केली, भाजी आणि फुले विकली, त्याच्या मतदानाच्या इतिहासाकडे आपण फारसे पाहिलेले नाही. तो इतिहास मात्र पाहण्यासारखा आहे.

१९५१-५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत आपली मतपत्रिका टाकावयाची असे. त्या निवडणुकीत दक्षिण मुंबईने सदाशिव कानोजी पाटील यांना लोकसभेवर पाठवले. १८९८ साली कोकणात जन्मलेले स. का. पाटील १९४९ ते १९५२ या काळात सलग तीनदा मुंबईचे महापौर झाले होते. शहर काँग्रेसची सूत्रे त्यांच्या हाती होती. व्यापारी आणि उद्योगपती यांच्यात त्यांचा शब्द चालत असे. लोक त्यांना ‘मुंबईचे अनभिषिक्त सम्राट’ म्हणत, ते उगाच नव्हे.

या मतदारसंघाची खरी परीक्षा १९५७ साली झाली. मुंबई महाराष्ट्रात असावी की नसावी, या प्रश्नावर सारे शहर पेटले होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. पुढील काही महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आजचा हुतात्मा चौक याच मतदारसंघात आहे. मुंबई महाराष्ट्राला देण्यास पाटील यांचा कडवा विरोध होता. शेजारच्या मध्य मुंबईतून समितीच्या पाठिंब्यावर श्रीपाद अमृत डांगे निवडून आले. दक्षिण मुंबईत मात्र विजय पाटील यांचाच झाला आणि १९६२ सालीही त्याचीच पुनरावृत्ती झाली.

हे कसे घडले? उत्तर या भागाच्या वस्तीत आहे. मलबार हिलवरील बंगले, भुलेश्वर-काळबादेवीच्या गुजराती व मारवाडी पेढ्या, पारशी कॉलन्या, मुंबादेवी-उमरखाडीकडील मुसलमान मोहल्ले, गिरगावच्या मराठी चाळी आणि कुलाब्याचे कोळीवाडे हे सारे एका मतदारसंघात नांदत होते. आपले ख्रिस्ती बांधवही त्यात होते : खोताच्या वाडीतील व कवेलमधील ईस्ट इंडियन कुटुंबे आणि धोबीतलावच्या परिसरातील ‘कूड’ नावाच्या गावक्लबांत उतरणारे गोव्याचे खलाशी. एकट्या कोणत्याही समाजाच्या बळावर येथे निवडून येणे अशक्य होते. गिरगावची चाळ संतापली, तरी केवळ त्या संतापाने निकाल बदलत नव्हता.

तो बदलला १९६७ साली आणि ज्याच्या हातून बदलला, त्याची पूर्वकथा आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. जॉर्ज फर्नांडिस यांचा जन्म ३ जून १९३० रोजी मंगळूरच्या कॅथॉलिक घराण्यात झाला. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे ही घरची इच्छा. सोळाव्या वर्षी ते बंगळूरच्या सेमिनरीत दाखल झाले. परंतु वरिष्ठांचे मेज उंचावर आणि त्यांचे अन्न विद्यार्थ्यांहून सरस, हा भेद त्यांना खटकला. शिकवण आणि आचरण यांतील हे अंतर सहन न होऊन ते बाहेर पडले आणि १९४९ साली मुंबईत आले. सुरुवातीच्या रात्री चौपाटीवर काढल्याचे ते पुढे सांगत. मुद्रितशोधकाची नोकरी करीत असता प्लॅसिड डिमेलो या गोदी कामगारांच्या नेत्याशी त्यांचा संबंध आला. बंदराला लागून जाणारा रस्ता आज ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे पी. डिमेलो. १९५८ साली डिमेलो वारले. पुढे टॅक्सीचालक आणि महापालिकेचे कामगार यांच्या संघटना बांधीत फर्नांडिस १९६१ साली महापालिकेवर निवडून आले.

१९६७ साली संयुक्त समाजवादी पक्षाने त्यांना स. का. पाटील यांच्यासमोर उभे केले. पाटील तेव्हा केंद्रात रेल्वेमंत्री होते, तर फर्नांडिस ३६ वर्षांचे. त्या वेळची एक आख्यायिका अजून सांगितली जाते. आपल्याला प्रत्यक्ष देवही हरवू शकणार नाही, असे पाटील बोलून गेले म्हणतात. समाजवाद्यांनी लागलीच भिंतीभिंतींवर उत्तर लावले, की देव हरवू शकत नसेल, पण मतदार तुम्ही हरवू शकता. निकाल लागला तेव्हा फर्नांडिस यांना सुमारे ४८ टक्के मते मिळाली होती आणि पाटील पराभूत झाले होते.

हा विजय एकट्या माणसाचा मानणे इतिहासाला धरून होणार नाही. देशात दुष्काळ होता, धान्य महागले होते, १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले होते. त्याच निवडणुकीत तामिळनाडूत कामराज आणि बंगालमध्ये अतुल्य घोष हेही पडले. त्याचप्रमाणे हा ‘ख्रिस्ती उमेदवाराचा विजय’ही नव्हता. आपली मते येथे मूठभर होती आणि फर्नांडिस यांनी धर्माच्या नावाने मत मागितलेच नाही. टॅक्सीवाला, झाडूवाला, हमाल यांचा माणूस म्हणून ते उभे राहिले. चाळीचा राग आणि कामगाराची संघटना प्रथमच एकत्र आली, हे त्या निकालाचे मर्म होय.

तथापि मतदार कोणाचाही मिंधा नसतो, हेही या मतदारसंघाने लवकरच दाखवून दिले. १९७१ साली इंदिरा गांधींच्या लाटेत येथून काँग्रेसचे एन. एन. कैलास निवडून आले आणि फर्नांडिस हरले. १९७७ साली ते तुरुंगातून निवडून आले, पण बिहारमधील मुझफ्फरपूरहून. मुंबईने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवले नाही. दक्षिण मुंबईत १९७७ साली जनता लाटेत रतनसिंह राजदा निवडून आले आणि १९८० साली देश इंदिराजींकडे परतला तरी राजदांची जागा टिकली. १९८४ पासून मुरली देवरांनी सलग तीन निवडणुका जिंकल्या. पुढे १९९६ साली जयवंतीबेन मेहता, १९९८ साली देवरा, १९९९ साली पुन्हा मेहता आणि २००४ साली मिलिंद देवरा असा कौल फिरत राहिला.

यानंतर बदलली ती वस्तीच. गिरगावची मुले डोंबिवलीला, विरारला गेली. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली. २००८ च्या पुनर्रचनेत वरळी, शिवडी, भायखळा हे गिरणगावाचे भाग दक्षिण मुंबईस जोडले गेले. २००९ साली शिवसेना व मनसे यांत मते विभागल्याने देवरा निवडून आले. २०१४, २०१९ व २०२४ या तिन्ही वेळी अरविंद सावंत विजयी झाले, शेवटच्या खेपेस शिवसेनेच्याच दुसऱ्या गटाच्या उमेदवाराविरुद्ध.

एक गोष्ट मात्र मनास टोचते. नोव्हेंबर २००८ मध्ये ताज, ओबेरॉय आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस येथे अतिरेक्यांनी निरपराध माणसे मारली. गेटवेपाशी हजारो नागरिक मेणबत्त्या घेऊन जमले, राज्यकर्त्यांना जाब विचारू लागले. पाच महिन्यांनी, ३० एप्रिल २००९ रोजी मतदान झाले, तेव्हा दर दहा मतदारांपैकी सहा घरीच राहिले. पुढील निवडणुकांतही निम्म्याच्या आसपासच मतदान होत राहिले.

मेणबत्ती लावणे सोपे, रांगेत उभे राहणे कठीण, असा टोमणा येथे सहज मारता येईल. पण तो आपल्यालाही लागू पडणारा आहे. मतदानाची सुट्टी जोडून आपणही सहलीला जातोच. आपले एक मत गेल्याने काय बिघडते, असा विचार करून घरी राहणाऱ्याने १९६७ सालची ती भिंत आठवावी. रेल्वेमंत्र्याला हरवणाऱ्यांत बहुतेक जण असेच होते, ज्यांचे नाव मतदारयादीखेरीज अन्य कोठेही छापले गेले नव्हते.