चौदा हजार कलमे आणि एक केंबरू

कुंडीत लावलेले अंजिराचे कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरते. शेजारी दुसरे झाड लागत नाही की कुणी पराग आणून टाकावा लागत नाही. सासवड-पुरंदरच्या बागांतही असेच चालते, म्हणून त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. पण सर्वच अंजिरांचे असे नसते. हे उमगायला कॅलिफोर्नियातील बागायतदारांना जवळजवळ वीस वर्षे लागली.

कॅलिफोर्नियात अंजीर नवे नव्हते. स्पॅनिश धर्मप्रचारकांनी अठराव्या शतकात आणलेली काळपट ‘मिशन’ जात तिथे चांगली रुजली होती. मात्र बाजारात खरा भाव होता तो तुर्कस्तानातल्या स्मर्ना (आजचे इझमीर) बंदरातून येणाऱ्या सुक्या अंजिराला. तेव्हा १८८० नंतरच्या एक-दोन वर्षांत ‘सॅन फ्रान्सिस्को बुलेटिन’ या वृत्तपत्राने स्मर्नाहून सुमारे चौदा हजार कलमे मागवली आणि आपल्या वर्गणीदारांना वाटली. झाडे जोमाने वाढली. फळेही लागली, पण ती लहान असतानाच सुरकुतून गळून पडत. दरवर्षी हाच प्रकार. तुर्कांनी मुद्दाम निकस कलमे देऊन आपल्याला फसवले, अशी बोलवा झाली.

स्मर्नाचे शेतकरी काय करत होते, हे काही गुपित नव्हते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते रानअंजिराची फळे दोरीत ओवून बागेतल्या झाडांवर टांगत. या फळांतून बारीक कीटक बाहेर पडतात व बागेतल्या अंजिरांत शिरतात, असे ॲरिस्टॉटल आणि थिओफ्रास्टस यांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच नोंदवून ठेवले आहे. या प्रथेला ‘कॅप्रिफिकेशन’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘केपर’ म्हणजे बोकड, आणि रानअंजीर हे ‘बोकड-अंजीर’. पण १८४० च्या दशकात नेपल्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ गास्पारिनी यांनी ही प्रथा निरुपयोगी ठरवली. ते काही आळशी निरीक्षक नव्हते. त्यांच्या परिसरातली झाडे खरोखरच माशीवाचून पिकत होती! एका गावच्या झाडावरून साऱ्या जगातल्या झाडांचा नियम ठरवला, एवढीच चूक. कॅलिफोर्नियातही मिशन अंजिराच्या अनुभवावरून बहुतेकांनी तेच केले.

उंबर फोडून केंबरे काढू नयेत, असे आपण म्हणतो. इथे मात्र ती काढावीच लागतात. अंजीर हे उंबर-वडाचेच भावंड. आपण ज्याला फळ म्हणतो तो आत वळलेला कुंभासनी फुलोरा असतो. शेकडो सूक्ष्म फुले आतल्या भिंतीवर, आणि वर एक इवलेसे तोंड. रानअंजिरात पुंकेसरी फुले असतात, शिवाय आखूड कुक्षिवृंताची स्त्रीफुलेही असतात. या स्त्रीफुलांत जेमतेम दोन मिलिमीटरची माशी (ब्लास्टोफागा) अंडी घालते. तिची पिल्ले वाढतात आणि पंख असलेल्या माद्या अंगाला पराग माखून बाहेर पडतात. अशी मादी स्मर्ना अंजिरात शिरली तर तिथल्या फुलांचे कुक्षिवृंत लांब असल्याने तिला अंडी घालता येत नाहीत. तिची फेरी फुकट जाते, पण फुलांवर पराग पडतो, बी धरते आणि फळ टिकते.

स्वीडनहून आलेले गुस्ताव्ह आयझेन हे फ्रेस्नोच्या बागायतदारांना माशीची गरज सांगत राहिले. जॉर्ज रोडिंग यांनी १८९० मध्ये बारीक काडीने रानअंजिराचा पराग स्मर्नाच्या फळांत घातला, आणि ती फळे पिकली! म्हणजे कलमे अस्सलच होती. राहिली माशी. ती आणण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण तिला वर्षभर मुक्कामाला रानअंजीरच लागते. अखेर १८९९ मध्ये अमेरिकेच्या कृषिखात्याचे वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियाहून माश्यांसकट रानअंजिरे पाठवली. ती रोडिंग यांच्या बागेत ठेवली आणि माशी तिथे स्थिरावली. स्मर्ना जातीला पुढे ‘कॅलिमर्ना’ हे नाव मिळाले.

मिशन किंवा आपले ‘पूना’ अंजीर बी न धरताच पिकते. याला अनिषेकफलन म्हणतात. हा गुण माणसाच्या नजरेत फार पूर्वी भरला असावा. जॉर्डन नदीच्या खोऱ्यातील गिलगाल येथे सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची, बी न धरलेली जळकी अंजिरे सापडली. ती कलमे लावून वाढवलेल्या झाडांची, असा दावा २००६ मध्ये केला गेला. तो सर्वांना मान्य नाही. रानटी मादी झाडेही कधीकधी अशी फळे धरतात, असा आक्षेप आहे.

वर्गात हे तपासता येते. सुके अंजीर भिजवून त्यातले दाणे धुऊन पाण्यात टाका. पोकळ दाणे तरंगतात, भरलेले बुडतात. बुडालेले दाणे रुजवून पाहायला हरकत नाही. मात्र त्यातून उगवलेली साधारण निम्मी झाडे ‘बोकड’ निघतात. कुंडीतले अंजीर खायचे असेल, तर पूना जातीच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे छाटकलम लावावे. पाणी साचू न देणारी माती आणि भरपूर ऊन एवढे त्याला पुरते.