अस्तराचा हात

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीच्या नंबरप्लेटवर एमएच-२२ आहे, म्हणजे परभणी. गाडी घेतली १९९१ मध्ये आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तेव्हापासून एमएच-३८ च्या गावात ही एमएच-२२ वाली म्हातारी आमच्या कडुनिंबाखाली उभी आहे. ताईची पाठवणी हिच्यातूनच झाली आणि आजीला शेवटी नांदेडच्या दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच.

तर झालं असं, की गेल्या वर्षी हिवाळ्यात बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. माझ्या मनात आलं, त्या दिवशी बाबांना औंढा नागनाथला न्यायचं ते याच गाडीतून. इंजिन मेकॅनिकने बघून दिलं. डिकीच्या झाकणाची खालची कड मात्र गंजली होती. म्हटलं एवढ्यासाठी गॅरेज कशाला, स्प्रेचा डबा मिळतो की! पुण्याहून येताना प्रायमरचा एक आणि रंगाचे दोन डबे घेऊन आलो. मे महिना, दुपारचे बारा, गच्ची. गंजावर पॉलिश पेपर चार वेळा फिरवला, फडक्याने पुसलं आणि फुस्स... फुस्स... तासाभरात काम फत्ते. फोटो काढून सगळ्या भावंडांना पाठवला. वाहवा मिळाली. (ज्यांनी ज्यांनी केली त्यांनी आता ती परत घ्यावी.)

पाऊस सुरू झाला आणि त्या कडेला फोड आले. ऑगस्टमध्ये घरी आलो तेव्हा नखाने टोकरलं, तर रंग आणि प्रायमर दोन्ही पापडासारखे हातात आले. खाली गंज तसाच. बाबांना काचबिंदूमुळे आता फारसं दिसत नाही. ते जवळ आले, झाकणावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "आत काहीतरी राह्यलंय रे." बस्स, एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आमच्या गल्लीत एक पेंटरकाका आहेत. गाड्या रंगवणं त्यांनी कधीच सोडलं, पण झाकण बघायला आले. त्यांनीही आधी हातच फिरवला. म्हणाले, "रंग फसत नसतो बाळा. अस्तर फसत असतं."

अस्तर! प्रायमर या शब्दाला आपल्याकडे इतका नेमका शब्द असताना मी तो विसरलो होतो. मग अस्तराचा इतिहास शोधत बसलो, आणि जे सापडलं ते इथे मांडतोय.

आपल्या मराठवाड्यातलं सगळ्यात नामांकित अस्तर अजिंठ्यात आहे. तिथल्या चित्रकारांनी उघड्या खडकावर रंग लावला नाही. आधी माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग चित्र. आपण कौतुक करतो ते चित्राचं, पण ते दीड हजार वर्षं खडकाला धरून ठेवलंय त्या गिलाव्याने. जिथे गिलावा सुटला तिथे चित्रही गेलं.

लोखंडाचं जुनं अस्तर तर आपल्या देवळातच आहे. हनुमंताला लावतात तो शेंदूर आणि पूर्वी पुलांच्या, आगगाडीच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून लावत तो लाल थर, मुळात एकच वस्तू: शिशाचा ऑक्साइड. तो जवसाच्या तेलात कालवून लावत. पेंटरकाकांचे वडील छकड्यांचं लोखंडी सामान असंच रंगवायचे. पण शिसं विषारी. म्हणून शेंदराच्या जागी लोखंडाचा रेड ऑक्साइड आणि पुढे झिंक फॉस्फेट आलं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नसावं असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला.

मोटारी आल्या आणि घाई आली. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच तेलाच्या रंगाने आणि व्हार्निशने रंगवत. एक थर वाळेपर्यंत दिवस जात आणि पूर्ण गाडी व्हायला आठवडे लागत. १९२३ मध्ये अमेरिकेत ओकलंड कंपनीच्या गाड्यांवर ड्यूपाँचा नायट्रोसेल्युलोज रंग आला आणि हे काम तासांवर आलं. त्या रंगाचं नाव ड्युको. शंभर वर्षं झाली, पण आपल्याकडे सुतार अजून कपाटाला 'ड्युको मारू का?' असंच विचारतो. हा रंग इतका लवकर वाळे की ब्रशने ओढायला वेळच मिळेना. म्हणून फवारणीची गन लागली. ती गनही गमतीची. ओहायोतल्या डॉक्टर डीव्हिल्बिस यांनी घशात औषध फवारायला एक उपकरण केलं होतं, त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावलं.

आणि डबा? दाबाखालचा वायू भरलेल्या डब्याची कल्पना १९२० च्या दशकात नॉर्वेच्या एरिक रोथाइमने मांडली. तिला खरा उपयोग मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी सैनिकांना हिवतापाच्या डासांपासून वाचवायला गुडह्यू आणि सलिव्हन या दोघांनी कीटकनाशकाचा डबा तयार केला. १९४९ मध्ये इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावी एड सेमूर नावाचा रंगवाला आपला अॅल्युमिनियम रंग गिऱ्हाइकांना सहज कसा दाखवावा या विवंचनेत होता. त्याच्या बायकोने, बॉनीने, सुचवलं की डब्यात भरून फवारून दाखव. गिऱ्हाइकांना रंगापेक्षा डबाच आवडला!

पुढे त्याच डब्याने जगाला घोर लावला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं, की डब्यात भरतात तो सीएफसी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आता डब्यात बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू असतो. ओझोन वाचला, पण डबा पेट घेऊ शकतो. म्हणून त्यावर लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. मे महिन्यात हिंगोलीत बंद गाडीत डबा विसरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. शंभर वर्षांत प्रत्येक शोधाने वाळण्याचा वेळ कमी केला. घासण्याचा वेळ कुणालाही कमी करता आला नाही. मी मात्र डबा हातात घेतला आणि समजलो की सगळंच काम डब्यात भरून मिळतं.

दिवाळीनंतर पेंटरकाकांच्या देखरेखीखाली पुन्हा सुरुवात केली. झाकण बोल्ट काढून वेगळं केलं. पहिला धडा: घासायच्या आधी धुवायचं. तेलकटपणा राहिला तर पेपर तो ओरखड्यांत आत ढकलतो. साबणाने धुऊन, वाळवून, थिनरच्या फडक्याने पुसलं. मग ८० नंबरच्या पेपरने गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, आणि १८० व ३२० ने जुन्या रंगाची कड इतकी उतरती केली की बोटाला पायरी लागू नये. यातच दीड दिवस गेला. काका डोळे मिटून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून." शेवटी परत थिनरने पुसलं. त्यानंतर पत्र्याला उघडं बोट लावायचं नाही, आणि त्याच दिवशी अस्तर द्यायचं, कारण उघडं लोखंड हवेची वाटच बघत असतं.

मेमध्ये काय चुकलं तेही तेव्हा कळलं. गंज राहिला हे एक. दुसरं म्हणजे तापलेल्या हवेत प्रायमरचे थेंब पत्र्यावर पोचायच्या आधीच वाळले, म्हणून पृष्ठभाग रव्यासारखा झाला, धरला नाही. पावसाळी दमट हवाही तितकीच वाईट. त्यामुळे आमच्याकडे कार्तिक-मार्गशीर्षातली सकाळची दहाची वेळ उत्तम. दव गेलेलं असतं, ऊन चढलेलं नसतं.

डबा आतली गोळी खडखडायला लागल्यावरही दोन मिनिटं हलवायचा. अंतर वीत आणि वर तीन-चार बोटं. फवारा कडेच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडच्या कडेच्या बाहेर थांबवायचा, म्हणजे कडेला ओघळ येत नाही. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा यायला हवा. पहिला हात इतका पातळ की खालचा पत्रा दिसला पाहिजे. मग दहा मिनिटं हात मागे बांधून बसायचं (हे सगळ्यात अवघड). असे तीन हात. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत दाबायचा, म्हणजे तोंड तुंबत नाही. आणि हे सगळं मोकळ्या हवेत, तोंडाला चांगला मास्क लावून.

दुसऱ्या दिवशी काकांनी करड्या अस्तरावर लांबून काळ्या रंगाची नुसती धूळ उडवायला लावली. मग ६०० चा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासलं. जिथे काळं राहिलं तिथे खळगा. डोळ्यांना न दिसलेले दोन खळगे असे सापडले. ते भरून परत अस्तर, परत पेपर. प्रायमर पाणी शोषतो, म्हणून झाकण नीट वाळवलं आणि लगेच वरचा रंग दिला. नुसतं प्रायमर लावून महिनाभर बाहेर ठेवलेला पत्रा आतून गंजतो, हे मला आधी माहीतच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी औंढ्याला निघताना बाबा गाडीच्या मागे गेले. तळवा झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत नेला, तिथे थोडा वेळ ठेवला. काहीच बोलले नाहीत. पुढे येऊन बसले आणि म्हणाले, "चल, ऊन व्हायच्या आत पोचू."

असो. यंदाचा पाऊस त्या झाकणाने काढला, एकही फोड नाही. आता डाव्या मडगार्डची पाळी. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी दिवाळीनंतर हिंगोलीला यावं, पॉलिश पेपर मी आणून ठेवतो.