रंगमंदिराबाहेरील रंगभूमी

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगू लागले म्हणजे तो सांगलीस सुरू होतो. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले; पुढे संगीत नाटक आले, नाटकगृहे उभी राहिली, आणि तिकीट काढून सहकुटुंब नाटकास जाण्याची चाल पुण्यामुंबईच्या सुशिक्षितांत रूढ झाली. हा इतिहास खरा आहे, पण तो अर्धा आहे. जिला ना पडदा होता ना तिकीट, जी प्रेक्षकांस न बोलाविता स्वतःच त्यांच्या चावडीपुढे जाऊन उभी राहिली, आणि प्रचलित अन्यायास जाब विचारणे हेच जिचे प्रयोजन होते, अशीही एक फिरती रंगभूमी महाराष्ट्रात होती. आज आपण जिला पथनाट्य म्हणतो तिचे हे घराणे होय, आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास पुण्यातच यावे लागते.

१८५५ साली, वयाच्या २८ व्या वर्षाच्या सुमारास, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले. त्याचे कथानक साधे आहे. एक जोशी कुणब्याच्या गर्भवती बायकोस ग्रहांची भीती घालतो. नवरा-बायको शांतीसाठी व ब्राह्मणभोजनासाठी कर्जात बुडतात. आणि शेवटी डोळे उघडून शिक्षणाची वाट धरतात. परंतु या नाटकाचा खरा विशेष त्यातील विदूषक हा आहे. तो थट्टा करून स्वस्थ बसत नाही. जोशी एक थाप मारतो न मारतो तोच हा मध्ये येऊन तिची फोड करतो, आणि प्रेक्षकांच्या मनात उठलेली शंका त्यांच्या आधी बोलून दाखवितो. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नापसंत केले. त्यास रंगमंच मिळाला नाही, आणि सुमारे सव्वाशे वर्षे ते छापलेही गेले नाही.

नाटक कपाटात राहिले, तरी त्यातील विचार मात्र राहिला नाही. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याची मते खेड्यांत न्यावयाची कशी, हा प्रश्न लवकरच पुढे आला. त्या काळी शंभरांत नव्वदांहून अधिक माणसे निरक्षर. त्यांस पुस्तक काय किंवा वर्तमानपत्र काय, सारखेच निरुपयोगी. तेव्हा समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशा हाताशी धरला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सत्यशोधकी जलसे गावोगाव हिंडू लागले. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील ओतूर हे समाजाचे मोठे ठाणे होते, आणि तेथील भीमराव महामुनी यांचा जलसा नावाजलेला होता. गण, गवळण, बतावणी व वग हा तमाशाचा सांगाडा जलसेवाल्यांनी तसाच ठेविला; आतील ऐवज तेवढा पालटला. वगातील राजाराणीच्या जागी सावकार, भट, कुळकर्णी आणि कुणबी येऊन उभे राहिले.

या जलशांचे यश कशात होते? आमच्या मते ते त्यांतील सवालजबाबात होते. बतावणी म्हणजे दोघांची जुगलबंदी. तीत एकाने थाप मारावी व दुसऱ्याने ती अडवावी, आणि कौल भोवती बसलेल्या गावकऱ्यांनी हसून किंवा गप्प राहून द्यावा. ‘तृतीय रत्ना’तील विदूषकाचेच हे काम येथे ढोलकीच्या साथीने चालले. शिवाय जलसा ज्याविषयी बोले ती गोष्ट प्रेक्षकाच्या हातची असे. पुरोहितावाचून लग्न लावावे की लावू नये, हे ठरविण्यास कोणा पंडिताची परवानगी लागत नव्हती. अशी लग्ने लागली, आणि भटजींनी आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठी केलेले दावे न्यायालयांपर्यंत गेले. ज्या खेळाचे पडसाद न्यायालयात उमटतात, तो नुसती करमणूक करून गेला असे कोण म्हणेल?

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२२ च्या सुमारास पुणे शहरात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. गणेशोत्सवात रस्त्यांवरून फिरणारे मेळे पुण्यास नवे नव्हते. ब्राह्मण तरुणांचा सन्मित्र मेळाही प्रसिद्ध होता. दोन्हींची पदे एकमेकांवर तुटून पडू लागली, व गाण्याचे पर्यवसान कधी शिवीगाळीत तर कधी हातघाईत होऊ लागले. दोन्ही बाजूंना त्वेष होता, चालीही ठसकेबाज होत्या. नव्हता तो फक्त शंका विचारणारा विदूषक. ज्याने त्याने आपल्याच माणसांपुढे गावे आणि आपल्याच माणसांच्या टाळ्या घ्याव्या, असा प्रकार झाला. १९३० साली जेधे काँग्रेसमध्ये गेले व पुण्यातील त्या वादाचा जोर ओसरला. पण त्या पदांनी प्रतिपक्षातील एकाचे तरी मत पालटले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

घराणे मात्र खुंटले नाही. १९३१ साली नाशिकचे भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक निघाले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तर वसंत बापट व पु. ल. देशपांडे यांच्यासारख्यांस लोकनाट्याकडे ओढले, आणि एकेकाळी तमाशाचे नाव काढताच कानांवर हात ठेवणारी आमची मध्यमवर्गीय घरे तो खेळ कौतुकाने पाहू लागली. १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांच्या ‘मुलगी झाली हो’ने हाच मार्ग स्त्रियांच्या प्रश्नासाठी चोखाळला.

आता या घराण्यापुढे एक निराळीच परीक्षा आहे. १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली. पुढे राजापूर तालुक्यात जैतापूरजवळ माडबन येथे सहा अणुभट्ट्यांची योजना आली. मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर भागात निदर्शकांवर गोळीबार होऊन एक मनुष्य मरण पावला, आणि त्याच महिन्यात तारापूरहून जैतापूरकडे निघालेली विरोधकांची यात्रा पोलिसांनी वाटेत अडविली. अशा प्रश्नावर पथनाट्य घेऊन जो खेड्यात जाईल, त्याचे काम जलसेवाल्यांहून अवघड आहे. जोशीबुवांची लबाडी कुणब्यास डोळ्यांनी दिसत होती; किरणोत्सर्ग कोणासच दिसत नाही. म्हणून भीतीचे सोंग नाचविण्याचा मोह येथे फार. पण ग्रहांची भीती घालणारा जोशी आणि अणूची भीती घालणारा नट यांत मग फरक तो काय राहिला? उलटपक्षी, सारे निर्धोक आहे असे छातीठोक सांगणारा अधिकारीही त्याच जोशाच्या पाटावर बसलेला असतो.

अशा वेळी विदूषकानेच पुढे यावे. राख ठेवणार कोठे? अपघात झाल्यास भरपाई कोण देणार? समुद्रात कोमट पाणी सोडल्यावर मासळीचे काय? आणि ही भट्टी नको, तर गिरणीची व घराची वीज आणावयाची कोठून? हे सवाल दोन्ही पक्षांस चावडीवर, गावकऱ्यांच्या बोलीत विचारले जावे, व जबाब ऐकून गावाने आपले मत ठरवावे. जमीन त्यांची जावयाची आहे, आणि राहावयाचेही त्यांनाच आहे. पुण्याहून जाणाऱ्या तरुण मंडळींनी ओतूरच्या जलशाची परंपरा चालवावी, मेळ्यांच्या भांडणाची चालवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.