साठची की नव्वदची?

सांगलीत हरभट रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात अण्णांचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागे. मागच्या भिंतीला एलपी तबकड्यांचं कपाट, टेबलावर रेकॉर्ड प्लेअर, त्याला जोडलेले दोन डेक आणि दाराशी काचेच्या पेटीत कोऱ्या कॅसेट. आत पाऊल टाकलं की अण्णा मान वर न करता विचारायचे, "साठची की नव्वदची?"

१९८६ साली मी आठवीत होते. ताईचं लग्न ठरलं होतं आणि हळदीपासून वाजवायच्या गाण्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. वहीचं पान फाडून मी बावीस गाणी लिहून नेली. अण्णांनी यादीवरून पेन फिरवलं आणि म्हणाले, "अगं पोरी, एवढी साठात बसायची नाहीत. आणि हळदीला हे असलं रडकं कशाला? तुझी आई आत्ताच रडायला लागेल. हे पाठवणीला ठेव." त्यांनी पानाच्या मागे दोन रकाने आखले, 'अ' बाजू आणि 'ब' बाजू, आणि प्रत्येक गाण्यासमोर मिनिटं लिहायला घेतली. मिनिटं त्यांना तोंडपाठ होती.

हा हिशेब मी तिथेच शिकले. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, नव्वदची पंचेचाळीस. पन्नाशीच्या दशकातलं गाणं सव्वातीन-साडेतीन मिनिटांत आटोपतं, कारण ते ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावावं लागे. अशी आठ-नऊ गाणी तीस मिनिटांत बसत. पुढे गाणी पाच-सहा मिनिटांची झाली आणि तीच बाजू पाच गाण्यांत संपू लागली. शेवटी दोन मिनिटं उरली तर अण्णा अस्वस्थ व्हायचे. त्यासाठी त्यांच्याकडे लहान गाण्यांची एक वेगळी यादी होती. "बाजू रिकामी सोडायची नाही," हा त्यांचा नियम.

आम्ही या कामाला 'कॅसेट भरून घेणं' म्हणायचो. रेकॉर्ड करणं हा शब्द दुकानाच्या पाटीवर, बोलण्यात मात्र भरणंच. आपल्याकडे पाणी भरतात, रांगोळीत रंग भरतात, ओटी भरतात. कॅसेटही तशीच, दुसऱ्या कुणासाठी मनापासून भरलेली असायची.

फिलिप्स कंपनीने ही कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडली. पावणेचार मिलिमीटरांहून किंचित रुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकणारी. आपल्या घरांत ती सत्तरीच्या अखेरीला पोचू लागली, आणि बऱ्याच घरांत आखाती देशांच्या वाटेने. रत्नागिरीकडचे लोक कुवेतहून, दुबईहून सुट्टीला येताना नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन आणत. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत आले, आणि गाण्यांची निवड पहिल्यांदाच आपल्या हाती आली.

तोवर काय होतं? बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेत कोणतं गाणं कुठल्या पायरीवर गेलं ते ऐकायचं. रेडिओवरच्या 'आपली आवड' कार्यक्रमाला पोस्टकार्ड टाकून आपलं नाव कधी वाचतात याची आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. आवड आपली असली तरी वेळ रेडिओची. एलपी विकत घेणं आमच्यासारख्या घरांना परवडत नव्हतं, आणि घेतली तरी एका गाण्यासाठी बाकीची नको असलेली गाणीही घ्यावी लागत. अण्णांसारखी दुकानं गावोगाव निघाली ती याच अडचणीतून.

भरण्याचं काम मी तासन् तास पाहिलं आहे. आधी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचं हेड पुसायचं. बोळ्यावर तपकिरी डाग उमटला की समजायचं, कालच्या फितीची भुकटी निघाली. कॅसेटच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर आवाज उमटत नाही, म्हणून ती पेन्सिल घालून पुढे सरकवायची. सहा कडांची पेन्सिल चाकाच्या दातांत नेमकी अडकते. मग रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं दाबून पॉज धरून ठेवायचा, सुई तबकडीवर टेकवायची आणि सुईची खरखर संपून पहिला सूर उमटायच्या आधीच्या क्षणाला पॉज सोडायचा. जरा चुकलं तर दोन गाण्यांमध्ये 'टक' असा आवाज कायमचा बसायचा. मध्येच लाईट गेली तर ते गाणं पुन्हा पहिल्यापासून. डबल डेकवर दुप्पट वेगाने नक्कल करता यायची, पण अण्णांना ते पटत नसे. साठच्या कॅसेटला ते पूर्ण तास देत, आणि तो तास गाणी ऐकतच काढत. शेवटी कॅसेटच्या मागच्या दोन इवल्या प्लास्टिकच्या चकत्या स्क्रू ड्रायव्हरने मोडून टाकत, म्हणजे चुकून कुणी वर दुसरं काही भरू नये. पुढे मन बदललंच तर त्या भोकांवर सेलोटेप चिकटवून आम्ही भरायचोच.

त्या तासात दुकानात जी चर्चा चाले, तिला मी आजही मोठं मोल देते. रफी की किशोर, हा वाद रोजचा. पंचमने बांधलेलं गाणं आणि त्याची नक्कल करणाऱ्याचं गाणं यातला फरक अण्णा दोन्ही एकामागोमाग वाजवून दाखवत. नाट्यपदं भरायला येणारे निवृत्त मास्तर दीनानाथांबद्दल बोलायचे. मंगेशकर कुटुंब कधीकाळी याच गावात राहत होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात घरातल्या माणसाची ओढ असे. शेजारच्या गॅरेजमधला मुलगा आनंद शिंदेंच्या गाण्यांसाठी यायचा. मास्तरांनी एकदा नाक मुरडलं, तेव्हा अण्णांनी त्यांना थांबवून ढोलकीचा तुकडा ऐकवला. "हात बघा कसा पडलाय," एवढंच म्हणाले. मास्तरांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. गाण्याबद्दल मत कसं बनवावं, हे मला कुठल्याही समीक्षेने यापेक्षा चांगलं शिकवलेलं नाही.

१३ ऑक्टोबर १९८७ ला किशोरकुमार गेले. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली, सगळ्यांना किशोरच हवा होता, आणि तोही दुःखीच. अण्णांनी प्रत्येकाच्या कॅसेटमध्ये न सांगता एक खट्याळ गाणं घातलं. कुणीही तक्रार केली नाही.

हे सगळं कायद्याला धरून नव्हतं, हे स्पष्ट लिहायला हवं. कॉपीराइट कायद्यातल्या १९८४ च्या दुरुस्तीनंतर अशा कामाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकत होता. गायक-संगीतकारांना आमच्या कॅसेटमधून एक पैसाही मिळाला नाही, आणि तो अन्यायच होता. पण दुकानं बंद पडली ती कायद्याने नव्हे, स्वस्ताईने. दर्यागंजातल्या फळांच्या रसाच्या दुकानातून पुढे आलेल्या गुलशनकुमार यांच्या टी-सीरीजने तयार कॅसेट पानटपरीपर्यंत आणून ठेवली. १९८८ चा 'कयामत से कयामत तक', १९९० चा 'आशिकी', म्हणजे पूर्ण चित्रपटाची गाणी हातात, तीही परवडणाऱ्या भावात. जुनी गाणी नव्या गळ्यातून गाऊन घेण्याची मुभा कायद्यातच होती, तिचाही या कंपनीने भरपूर उपयोग केला. अण्णा तसल्या कॅसेटवरून कधीच भरून देत नसत. "मूळ आवाज असेल तर बोला," म्हणत.

पुढे सीडी आली, मग मोबाईलच्या दुकानांवर 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. शब्द तोच राहिला. पण तिथे संगणकावरून पाचशे गाणी काही मिनिटांत ओतली जात आणि ती कुणासाठी हवीत, हे कुणी विचारत नसे. माझ्या मते भरण्याची कला तिथेच संपली. ती तंत्रात नव्हती, समोरच्या माणसाला विचारलेल्या त्या एका प्रश्नात होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेतल्या सगळ्या कॅसेट गाळाने भरल्या. धुऊन, वाळवून पाहिल्या, पण फितीचे वेढे एकमेकांना चिकटून बसले होते. वाचली ती ताईच्या लग्नाची, कारण ती तिच्याबरोबर पुण्याला गेली होती. आतल्या कागदावर अण्णांचं बारीक, तिरपं अक्षर आहे. 'ब' बाजूचं शेवटचं गाणं बसत नसतानाही मी हट्टाने घालायला लावलं होतं. ते कापलं जाऊ नये म्हणून अण्णांनी शेवटच्या ओळीला आवाजाचं बटण हळूहळू मागे घेतलं. आजही ते गाणं तसंच दूर जात विरतं.

तुमच्या घरी अशी हाताने भरलेली कॅसेट असेल तर भंगारात देऊ नका. थेट टेपमध्येही घालू नका. आधी पेन्सिलीने दोन्हीकडे सैल फिरवून घ्या. फितीमागची कापडी गादी निखळली असेल तर जाणकाराकडून दुसऱ्या सांगाड्यात फीत बसवून घ्या, मग ती एकदाच, पूर्ण लांबीची, संगणकावर उतरवून ठेवा. आतल्या कागदाचा फोटो काढा, आणि कुणी, कुणासाठी, कोणत्या साली भरली ते मागे लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं अजून आहेत, तोवरच.